नवऱ्याची कमाई शोधायची, तर खर्च कोणाच्या पदरचा?



पोटगीचा अर्ज कोर्टात पडला की समोरून पहिलं उत्तर बहुतेक ठरलेलं येतं. "मी मजुरी करतो, माझी काही कमाई नाही." कालपर्यंत खाणीच्या ट्रकवर चालक होता, आश्रमशाळेत शिकवत होता, नाहीतर स्वतःचा ट्रॅक्टर भाड्याने लावत होता. कोर्टाची नोटीस हातात पडली की तोच माणूस एकाएकी भूमिहीन मजूर होतो. मग बाईचा जीव एका कागदासाठी तुटतो. त्याचा इन्कम टॅक्सचा कागद मिळाला तर खरं-खोटं होईल, असं तिला वाटतं आणि ते बरोबरही आहे. पण तो कागद मिळवायला ती एटापल्लीहून आलापल्लीवरून अहेरी, अहेरीहून गडचिरोली अशा चकरा मारते. टायपिंगवाल्याला पैसे देते, झेरॉक्सला देते. कधी "काढून देतो" म्हणणाऱ्या दलालालाही देते. पोटगीचा एक रुपया हातात यायच्या आधी गटाचं कर्ज वाढलेलं असतं.

आजचं बोलणं त्या खर्चाबद्दल आहे. नवऱ्याची कमाई उघडी करायला जो खर्च होतो, तो कायद्याने कोणी करायचा? याचं उत्तर पुष्कळ बायांना माहीत नाही, म्हणून तो त्यांच्याच पदरी पडतो.

आधी त्या कागदाबद्दल थोडं. इन्कम टॅक्सचा कागद म्हणजे आयकर विवरणपत्र. वर्षभरात किती मिळवलं, त्यावर किती कर बसला, हे माणूस स्वतः भरून सरकारला देतो. नोकरी असेल तर पगारातून किती कर कापला त्याचा दाखला मालक देतो, त्याला फॉर्म सोळा म्हणतात. आपल्याकडे एक समज पक्का बसलेला आहे, की आदिवासीला आयकर लागत नाही म्हणून असा कागद निघणारच नाही. ती सवलत ईशान्येकडच्या राज्यांतल्या आणि लडाखमधल्या अनुसूचित जमातींसाठी आहे, तीही त्या भागातल्या कमाईपुरती. गडचिरोलीतल्या माडिया किंवा गोंड माणसाला पगार कराच्या मर्यादेवर गेला तर विवरणपत्र भरावंच लागतं. आता दुसरी बाजू. विवरणपत्र नाही म्हणून कमाई नाही, असंही होत नाही. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही. मोहफूल, तेंदू, कोंबड्या, भाड्याचा ट्रॅक्टर यांचा पैसा रोख फिरतो आणि कुठल्याच विवरणपत्रात येत नाही. म्हणून त्या एका कागदावर सगळा डाव लावू नका.

तरी तो कागद हवा असेल तर कुठून मागायचा? पुष्कळ जणी म्हणतात, माहितीचा अधिकार आहे ना. आहे. दहा रुपयांत अर्ज होतो. राज्य सरकारच्या कार्यालयात दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं, पानाला दोन रुपये, आणि अपिलाला वीस रुपयांचं तिकीट. दारिद्र्यरेषेखालच्या बाईला अर्जाची फी लागत नाही, दाखला जोडला की झालं. अर्ज एका विषयावर आणि दीडशे शब्दांत हवा, असा महाराष्ट्राचा नियम २०१२ पासून आहे. आयकर कार्यालय मात्र केंद्र सरकारचं. तिथे दहा रुपये पोस्टल ऑर्डरने भरायचे, आणि दुसरं अपील थेट दिल्लीच्या केंद्रीय माहिती आयोगाकडे जातं.

स्वस्त वाटतं. पण दुसऱ्याच्या विवरणपत्रासाठी ही वाट फार लांब आणि काट्याची आहे. सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा एक निकाल या विषयात सगळीकडे दाखवला जातो, गिरीश देशपांडे खटल्याचा, आणि तो आपल्याच विदर्भातून गेलेला. अकोल्याच्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयातल्या एका अधिकाऱ्याच्या मालमत्तेची आणि विवरणपत्रांची माहिती मागितलेली होती. माहिती अधिकारी, अपील, आयोग, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय अशा सगळ्या पायऱ्या झाल्या. निकाल असा लागला, की आयकर विवरणपत्र ही माणसाची खासगी माहिती आहे. मोठं लोकहित दाखवता आलं नाही तर ती तिऱ्हाईताला मिळणार नाही.

बायको तिऱ्हाईत कशी, असं तुम्ही विचाराल. हा प्रश्न न्यायाधीशांपुढेही आला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१८ साली सांगितलं, की पोटगीचा वाद चालू असेल तर पगाराची माहिती नुसती नवऱ्याची खासगी राहत नाही, ती नवरा-बायको दोघांची होते. केंद्रीय माहिती आयोगानेही २०२० आणि २०२२ साली दोन बायांच्या प्रकरणात आयकर विभागाला सांगितलं, की विवरणपत्राची प्रत देऊ नका, पण नवऱ्याचं एकूण उत्पन्न किती, तो ढोबळ आकडा पंधरा दिवसांत द्या. हे बायांच्या बाजूचं झालं. आता उलट बाजूचं ऐका. दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये, वेगळ्याच एका प्रकरणात, असं म्हटलं की करदात्याची माहिती द्यायची का नाही हे आयकर कायद्यातल्या वेगळ्या कलमाने ठरतं, तिथे माहिती आयोगाचा हुकूम चालत नाही. शिवाय २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं खासगी माहितीचं कलम आणखी कडक करून ठेवलं आहे. म्हणजे एखादीला मिळेल, दुसरीला मिळणार नाही, आणि त्यात दोन-चार वर्षं जातील.

आणि खर्च? माहिती अधिकारात जिंकलात तरी वकिलाचा आणि चकरांचा खर्च समोरच्याकडून मिळण्याची सोय त्या कायद्यात नाही. माहिती अधिकाऱ्याला दिवसाला अडीचशे रुपये, जास्तीत जास्त पंचवीस हजार दंड होतो हे तुम्ही ऐकलं असेल. तो दंड सरकारजमा होतो, तुमच्या हातात येत नाही. कार्यालयाच्या चुकीने तुमचं नुकसान झालं तर भरपाई द्यायला आयोग सांगू शकतो, पण माहिती खासगी म्हणून नाकारली तर कोणती चूक दाखवणार? इथला खर्च ज्याचा त्याने सोसायचा, हाच रिवाज.

एक गोष्ट मात्र माहिती अधिकारातून सहज मिळते, ती सोडू नका. नवरा सरकारी नोकर असेल, म्हणजे शिक्षक, वनरक्षक, पोलीस, ग्रामसेवक, तर कोणत्या कर्मचाऱ्याला महिन्याला किती वेतन मिळतं हे कार्यालयाने न मागताही जाहीर करायचं असतं. त्याच कायद्याचं चौथं कलम तसं सांगतं. तेवढाच आकडा मागा. त्याची कपात किती, कर्ज किती, विमा किती, हे मागायला गेलात की अर्ज अडकतो. मूळ वेतन कळलं की बस झालं. नोकरदार नवरा पुष्कळदा नवं कर्ज काढतो, हप्ते वाढवतो आणि हातात येणारा पगार चार-पाच हजारांवर आणून ठेवतो. कोर्ट असे स्वखुशीने घेतलेले हप्ते सहसा वजा धरत नाही.

दलालाबद्दल एकच वाक्य. दुसऱ्याच्या पॅन क्रमांकावरून, त्याचा पासवर्ड मिळवून कागद काढून देतो म्हणणारा माणूस गुन्हा करतो आहे, आणि त्याला पैसे देणारी बाईही त्यात ओढली जाते.

मग सरळ वाट कोणती? ती नागपूरहूनच निघालेली आहे. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात एका बाईने स्वतःसाठी आणि मुलासाठी पोटगी मागितली. कोर्टाने बाईला महिना पंधरा हजार आणि मुलाला आधी पाच, मग दहा हजार ठरवले. नवरा नागपूर खंडपीठात गेला, हरला, मग सर्वोच्च न्यायालयात गेला. तोवर अंतरिम पोटगीलाच सात वर्षं झाली होती. अंतरिम म्हणजे मधल्या काळापुरती, केस संपेपर्यंत पोट भरावं म्हणून. ती सात वर्षं लटकली. हे पाहून सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी साऱ्या देशासाठी नियम घालून दिले. या निकालाचं नाव वकिलाला सांगता यावं म्हणून लक्षात ठेवा: रजनेश विरुद्ध नेहा.

या निकालाने काय केलं? कागद शोधायचं ओझं बाईच्या डोक्यावरून उतरवून ज्याच्याकडे कागद आहे त्याच्या डोक्यावर ठेवलं. पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोघांनीही आपापल्या मालमत्तेचं आणि देण्याचं शपथपत्र द्यायचं. पगार, धंदा, आयकर विवरणपत्र, बँकेचे उतारे, गाडी, घर, कर्ज, सगळं त्यात लिहायचं. आणि शेतकरी, खेडुतांसाठी त्याच निकालात वेगळा नमुना जोडलेला आहे. आपल्यासाठी तो फार कामाचा. जमीन किती, पाण्याची की कोरडवाहू, पीक कोणतं, गेल्या तीन वर्षांत त्यातून काय मिळालं, जमीन मक्त्याने केली आहे का, गायी-म्हशी, शेळ्या, कोंबड्या, डुकरं, मासे किती, त्यातून मिळतं काय, असं सगळं त्याला शपथेवर लिहावं लागतं. आयकराच्या कागदात जे कधीच येत नाही ते इथे येतं. बोडीतले मासेसुद्धा.

नवऱ्याला उत्तर आणि शपथपत्र द्यायला जास्तीत जास्त चार आठवडे. त्यासाठी दोनपेक्षा जास्त तारखा मिळू नयेत. तरी मुद्दाम टाळत राहिला तर कोर्ट त्याचं म्हणणंच काढून टाकू शकतं आणि बाईच्या शपथपत्रावरून पोटगी ठरवू शकतं. शपथेवर खोटं लिहिलं तर खोट्या शपथेची वेगळी कारवाई होते. आकडा पटला नाही तर कोर्टाच्या परवानगीने त्याला लेखी प्रश्न विचारता येतात, कागद हजर करायला लावता येतो. बँकेला, मालकाला किंवा आयकर कार्यालयाला कागद पाठवायचा हुकूमही कोर्ट करू शकतं. तिथे खासगी माहितीची ढाल तिऱ्हाईतासमोर चालते तशी चालत नाही, कारण मागणारं कोर्ट असतं. अंतरिम पोटगीचा निर्णय शपथपत्रं आल्यावर चार ते सहा महिन्यांत व्हावा, असंही निकाल सांगतो.

नियम कागदावर राहतात हे खेड्यातल्या बाईला सांगायला नको. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयालाच पुन्हा म्हणावं लागलं, की खालची कोर्टं हे शपथपत्र मागत नाहीत, ते मागा. म्हणून अर्जाच्या पहिल्याच दिवशी तुमचं शपथपत्र लावा आणि नवऱ्याकडून ते मागण्याची विनंती अर्जात लिहून घ्या. तुमचं शपथपत्रही खरं हवं. अंगणवाडीचं मानधन, शिवणाची कमाई, गटातला वाटा, नावावरचा सातबारा, सगळं लिहा. आपण लपवलं तर त्याच्या वकिलाला आयतं मिळतं. आणि कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात २००४ पासून मुद्रांक लागत नाही. शंभराचा किंवा पाचशेचा स्टॅम्प पेपर आणा म्हणून कोणी सांगितलं तर कशासाठी ते विचारा.

आता खर्चाकडे येते. इथे जरा थांबून ऐका.

जगात बहुतेक ठिकाणी कोर्टखर्चाचा नियम असा, की हरला त्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यायचा. इंग्लंडमध्ये हे फार कडक पाळतात. तिथे बँकेसारख्या तिऱ्हाईताकडून माहिती काढायची असली तर त्या तिऱ्हाईताचा खर्चसुद्धा आधी मागणाऱ्याने भरायचा आणि मग मूळ लबाडी करणाऱ्याकडून वसूल करायचा. आपल्या दिवाणी कायद्यातही खर्च निकालाच्या मागे जातो असंच लिहिलेलं आहे. साक्षीदार बोलावला तर त्याचा भत्ता बोलावणाऱ्याने आधी कोर्टात भरायचा, हाही नियम तोच. पण गरीब बाईला हा नियम उपयोगाचा नाही. आधी खर्च करा, जिंका, मग मिळेल. खर्च करायला पैसा असता तर ती पोटगीला आली कशाला असती?

म्हणून पोटगीच्या कायद्यात वेगळी सोय आहे. पूर्वीचं कलम १२५, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४. त्यात २००१ पासून लिहिलेलं आहे, की केस चालू असतानाच न्यायाधीश नवऱ्याला दोन गोष्टी द्यायला सांगू शकतात. एक, मधल्या काळाची पोटगी. दोन, कार्यवाहीचा खर्च. हरणं-जिंकणं नंतर. लढायला लागणारा पैसा आत्ता, आणि तो ज्याच्या हातात पैसा आहे त्याने द्यायचा. नोटीस लागल्यापासून शक्यतो साठ दिवसांत या अर्जाचा निर्णय व्हावा असंही त्याच कलमात आहे.

ही दुसरी गोष्ट पुष्कळ अर्जांत नसतेच. छापील नमुन्यात पोटगीची रक्कम भरतात आणि खर्चाची ओळ रिकामी राहते, नाहीतर "योग्य तो खर्च मिळावा" एवढं एक वाक्य असतं. योग्य म्हणजे किती, हे सांगायला जवळ काही नसतं. मग आदेशात हजार-दोन हजार लिहून येतात, किंवा काहीच येत नाही. न्यायाधीश मनाने आकडा कुठून काढणार?

हिशेब तर आपल्या गटांना कोणी शिकवायला नको. महिन्याची बचत, कर्ज, व्याज, दंड, सगळं वहीत असतं. तशीच एक वही केसची करा. तारीख कोणती, कोर्टात काय झालं, पुढची तारीख कोणी मागितली. हे शेवटचं फार महत्त्वाचं. नवऱ्याच्या वकिलाने कागद आणला नाही म्हणून तारीख गेली असेल तर "शपथपत्र दिलं नाही, त्याने तारीख घेतली" असं स्पष्ट लिहा. खाली त्या दिवसाचा खर्च. बसचं तिकीट, एसटीत आता बाईला अर्धं तिकीट आहे, तरी सोबत आलेल्या भावाचं पूर्ण लागतं. जेवण, झेरॉक्स, टायपिंग, नक्कल काढायची फी. बुडालेली मजुरी. धान रोवणीच्या दिवसांत तारीख लागली तर बुडालेली रोजी किती, हे गावातल्या कोणालाही सांगता येतं. तिकिटं आणि पावत्या वहीला टाचून ठेवा. सहा तारखांनी ती वही वकिलाच्या हातात द्या. त्यावरून खर्चाचा तक्ता करून कोर्टात देता येतो. नवऱ्याने कागद लपवला म्हणून इतक्या तारखा गेल्या आणि त्यावर इतका खर्च झाला, हे तिथे आकड्यांत दिसतं. पुढच्या कलमात, १४५ मध्ये, कोर्टाला योग्य वाटेल तसा खर्चाचा हुकूम करायचा वेगळा अधिकार आहे. कार्यवाहीचा खर्च पुढच्या लढाईसाठी असतो; हा दुसरा हुकूम झालेल्या खर्चासाठी, कोणाच्या वागण्यामुळे तो झाला हे बघून करता येतो. दोन्ही वेगवेगळे मागा. हा अधिकार दोन्ही बाजूंना लागू आहे, हेही लक्षात असू द्या. बाईने स्वतःची नोकरी लपवून चार तारखा वाया घालवल्या तर तोच हुकूम तिच्यावर उलटू शकतो.

त्याच कलमात आणखी एक आहे. नवरा हजरच झाला नाही आणि त्याच्या गैरहजेरीत पोटगी ठरली, तर तीन महिन्यांच्या आत येऊन तो कारण दाखवून आदेश रद्द करून मागू शकतो. तेव्हा कोर्ट त्याला अट घालू शकतं, की आधी बाईचा खर्च भर. हे कोर्टाला कोणी आठवण करून द्यावं लागतं. तुमच्या वकिलाने त्या दिवशी उठून सांगायला हवं, आणि वही त्या दिवशी सोबत हवी.

वकील आणायचा कुठून? १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने बाईला सरकारी खर्चाने वकील मिळतो. उत्पन्नाचा दाखला लागत नाही. श्रीमंत असो गरीब असो, बाई आहे एवढंच पुरे. अनुसूचित जमातीच्या माणसालाही तसाच हक्क आहे. अहेरीच्या कोर्टातल्या तालुका विधी सेवा समितीत किंवा गडचिरोलीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात साध्या कागदावर अर्ज द्यायचा. १५१०० या क्रमांकावर फोनही करता येतो. वकिलाच्या फीबरोबर नोटिशीचा खर्च, साक्षीदाराचा खर्च, कागदाच्या भाषांतराचा खर्चही या मदतीत येतो. जिला माडियाच बोलता येतं तिने हे नक्की मागावं. असा नेमून दिलेला वकील तुमच्याकडून वेगळी फी घेऊ शकत नाही. "वरचं थोडं द्या" म्हणाला तर ज्या समितीने नेमला तिथेच लेखी सांगा. याशिवाय १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रात पोटगी, घटस्फोट, अत्याचार आणि मालमत्तेच्या वादात बायांना कोर्ट फी माफ आहे. म्हणजे माहेरी राहून लढणाऱ्या बाईला खरा खर्च उरतो तो प्रवासाचा आणि बुडालेल्या मजुरीचा. तोच नवऱ्याकडून मागायचा.

कुठे अर्ज टाकायचा, यावरही खर्च ठरतो. नवरा कामाला नागपूरला गेला म्हणून केस नागपूरला टाकावी लागते, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. बाई आता जिथे राहते तिथल्या कोर्टात कलम १४४ चा अर्ज चालतो. बसचं अर्धं भाडं इथेच वाचतं.

माडिया आणि गोंड बायांसाठी एक मुद्दा वेगळा सांगायला हवा. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ मध्येही केसच्या खर्चाची तरतूद आहे, आणि बाहेरगावचे वकील सवयीने तेच कलम लावतात. पण तो कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही, केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढल्याखेरीज. नवऱ्याच्या वकिलाने हा मुद्दा काढला की अर्ज तिथेच पडतो आणि सहा महिने गेले. कलम १४४ सगळ्या जातीजमातींना, सगळ्या धर्मांना लागू आहे. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदाही तसाच, आणि त्यातल्या पोटगीलाही शपथपत्राचा नियम लागतो. लग्न रिवाजाने लागलं, फोटो नाही, नोंद नाही, तरी घाबरू नका. आपल्याकडे गावजेवणाची ऐपत नाही म्हणून विधी राहून गेलेली जोडपीही आहेत. नवरा-बायको म्हणून बरीच वर्षं एकत्र राहिले, गावाने तसं मानलं, तर पोटगीसाठी लग्नाचा कडक पुरावा मागू नये असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलेलं आहे. रेशन कार्ड, मुलांचे शाळेचे दाखले, गावच्या पटलाचं सांगणं, हे कामी येतं.

तडजोडीच्या दिवशी फार जपायचं. लोकअदालतीत समेट झाला की केस एका दिवसात मिटते, आणि पुष्कळदा ते चांगलंच असतं. पण तडजोडीच्या कागदात शेवटी एक ओळ हळूच येते: "खर्च ज्याचा त्याने सोसावा." वर्षभर नवऱ्याने विवरणपत्र लपवलं, तुमच्या वहीत सतरा तारखा आहेत, आणि त्या एका ओळीने सगळ्यावर पाणी पडतं. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. म्हणून अंगठा किंवा सही करण्याआधी तो कागद तुम्हाला समजेल त्या भाषेत वाचून घ्या. पोटगी, तिची तारीख, खर्चाची रक्कम आणि ती कधीपर्यंत द्यायची, हे चारही त्यात आहेत का ते बघा. थोडं कमी-जास्त करायला हरकत नाही. कधीकधी खर्च सोडून पोटगी वाढवून घेणं शहाणपणाचं ठरतं. पण काय सोडतो आहोत ते माहीत असावं.

आदेश झाला आणि नवरा पैसे देत नाही, हेही होतंच. पोटगीसारखाच कार्यवाहीचा ठरलेला खर्चही दंडासारखा वसूल करता येतो. त्यासाठी कोर्ट वॉरंट काढतं, आणि तरी दिलं नाही तर प्रत्येक थकलेल्या महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. फक्त वसुलीचा अर्ज रक्कम देणं झाल्यापासून एका वर्षाच्या आत करायचा असतो. वर्ष उलटलं की त्या महिन्याचं वॉरंट निघत नाही. वहीच्या पहिल्याच पानावर आदेशाची तारीख मोठ्या अक्षरात लिहा, आणि गटाच्या बैठकीत सचिव ताईला ती दर तीन महिन्यांनी वाचायला सांगा.